शेवटचा सायकलस्वार

दरवर्षी स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की वरच्या इयत्तांतील विद्यार्थी आमच्या खोलीच्या दाराशी गोळा होतात. त्यांची मागणी ठरलेली असते : "सर, यंदा हसविणारे नाटक बसवावे." मागणी वाजवी आहे. वर्षभर व्याकरण व बीजगणित यांच्याशी झुंजलेल्या मुलांस एक संध्याकाळ पोट धरून हसावेसे वाटले, तर त्यात वावगे काही नाही. यंदा मात्र आम्ही त्यांस उलट विचारले, "हसावयाचे खरे, पण कोणास?" मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली.

हा प्रश्न आम्हांस आमच्याच एका चुकीने शिकविला आहे. तेव्हा ती चूक आधी सांगून टाकणे बरे. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही या पेशात नवीन असताना, आमच्या देखरेखीखाली मुलांनी एक प्रहसन बसविले होते. त्यात एक तोतरा कारकून होता. तो 'क' या अक्षरावर अडखळला की सभागृहात हशा पिके, आणि त्या हशाने आम्हीही मनातून फुशारून जात असू. तिसऱ्या की चौथ्या वेळी पुढल्या रांगेतील एक गृहस्थ शांतपणे उठले व आपल्या लहान मुलाचा हात धरून बाहेर निघून गेले. तो मुलगा तोतरा होता, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी कळले. त्या गृहस्थांनी तक्रार केली नाही. केली असती तर आमच्या मनाचा भार थोडा हलका झाला असता.

तेव्हापासून विनोद म्हणजे काय, तो कोणावर करावा, आणि संकटाच्या काळी त्याचा काही उपयोग असतो काय, याचा आम्ही विचार करीत आलो आहो. या विचारात ज्या एका लहानशा नाटकमंडळीने आम्हांस सर्वांत अधिक शिकविले, तिची हकीकत आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. ही मंडळी मध्य युरोपातील चेक देशातली. तिचे सभासद कैदी होते. आपली नाटके ती स्वतःच रची, आणि त्या नाटकांत भूक, भय व मरण यांसच हसे.

एक चुटका

आरंभ एका चुटक्यापासून करू. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले व जर्मनीचा पराभव झाला. पराभवाचे खापर कोणाच्या तरी माथी फोडावयाचे, म्हणून तेथील कित्येक पुढाऱ्यांनी ते आपल्याच देशातील यहुदी लोकांच्या माथी फोडण्यास आरंभ केला. त्या काळी लोकांच्या तोंडी एक गोष्ट झाली. सभेत एक वक्ता ओरडून सांगतो, "आपल्या साऱ्या दुःखांस यहुदी लोक कारण आहेत!" श्रोत्यांतून एक जण म्हणतो, "यहुदी आणि सायकलस्वार." वक्ता गोंधळून विचारतो, "सायकलस्वार का म्हणून?" तो मनुष्य म्हणतो, "मग यहुदी तरी का म्हणून?"

चुटका एवढाच. परंतु विद्यार्थ्यांनी त्याची रचना पाहावी. उत्तर देणारा वक्त्याशी वाद घालीत नाही. तो वक्त्याच्या खोट्यास दुसरे तसलेच खोटे जोडून देतो, आणि मग पहिल्या खोट्याचा पोकळपणा आपोआप उघडा पडतो. तर्कशास्त्रात ज्यास अतिप्रसंग म्हणतात त्याचेच हे हसरे रूप होय.

दुर्दैव असे की चुटक्याने राज्ये थांबत नाहीत. १९३३ साली हिटलर जर्मनीचा सत्ताधीश झाला आणि सभेतील त्या वक्त्याची वाणी हीच सरकारची वाणी झाली. हे ज्या देशात घडले तेथे गावोगावी चर्चे होती व बहुसंख्य लोक स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते, ही गोष्ट आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस विसरता येत नाही.

प्रागचे दोन विदूषक

कोणतीही नाटकमंडळी आकाशातून पडत नाही. तिला कोणी तरी गुरू असतो. आमच्या मंडळीचे गुरू प्राग शहरात होते. तेथे १९२७ साली यिर्झी व्होस्कोवेत्स व यान वेरिख या दोन तरुणांनी आपले पहिले नाटक केले. दोघांचा जन्म १९०५ चा, दोघे शाळासोबती. पुढे त्यांचे नाट्यगृह 'मुक्त रंगमंच' या अर्थाच्या चेक नावाने प्रसिद्धीस आले. नाटके ते स्वतः लिहीत व मुख्य भूमिकाही स्वतःच करीत. त्यांच्या गीतांस चाली देणारा यारोस्लाव येझेक हा संगीतकार जवळजवळ अंध होता.

त्यांची एक रीत विशेष होती. दोन प्रवेशांच्या मध्ये, पडद्यामागे देखावा बदलत असता, हे दोघे तोंडास पांढरा रंग फासून पडद्यापुढे येत व आपसांत गप्पा मारू लागत. गप्पांचा विषय त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातला असे. आपल्याकडील तमाशात सोंगाड्या कथानक सोडून गावच्या पाटलास चिमटा काढतो, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांस ही रीत परकी वाटणार नाही. प्रेक्षक पुढे पुढे या गप्पांसाठीच येऊ लागले.

जर्मनीत हिटलर आला त्याच वर्षी, म्हणजे १९३३ साली, त्यांनी 'गाढव आणि सावली' हे नाटक केले. त्याचे मूळ एका प्राचीन ग्रीक कथेत आहे. एका मनुष्याने प्रवासासाठी गाढव भाड्याने घेतले. दुपारी ऊन तापले तेव्हा तो गाढवाच्या सावलीत बसला. गाढवाचा मालक म्हणाला, "भाडे तू गाढवाचे दिले आहेस, सावलीचे नव्हे; ऊठ!" भांडण न्यायालयात गेले, सारे नगर दोन पक्षांत विभागले गेले, आणि माणसे सावलीसाठी डोकी फोडू लागली. या नाटकावर प्रागमधील जर्मन वकिलातीने आक्षेप घेतला. सावलीची गोष्ट आपणांस उद्देशून आहे, हे जर्मन सरकारास कोणी सांगावे लागले नाही. पुढल्या वर्षीच्या 'जल्लाद आणि विदूषक' या नाटकाच्या वेळी तर चेक देशातीलच फॅसिस्टपंथी तरुणांनी नाट्यगृहात दंगा माजविला.

१९३८ च्या सप्टेंबरात म्युनिकचा करार होऊन चेक देशाचे लचके तोडले गेले व त्याच वर्षअखेर हे नाट्यगृह बंद पडले. १९३९ च्या जानेवारीत ते दोघे व येझेक अमेरिकेस निघून गेले. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. ज्यांस जाता आले ते गेले. परंतु त्यांची रीत शिकलेली पुष्कळ तरुण मंडळी मागे राहिली. त्यांत कारेल श्वेंक या नावाचा एक यहुदी तरुण होता.

तटाच्या आत

प्रागच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरांवर तेरेझीन नावाचे किल्लेबंद गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसरा जोसेफ याने ते बांधले व आपली आई मारिया तेरेसा हिचे नाव त्यास दिले. सैनिकांसुद्धा सुमारे सात हजार माणसे मावतील एवढेच हे गाव. १९४१ च्या नोव्हेंबरात नाझी सत्ताधीशांनी त्याचे यहुदी लोकांसाठी बंदिस्थान केले. १९४२ च्या सप्टेंबरात तेथे ५८,००० हून अधिक माणसे कोंबलेली होती. पोटमाळे, तळघरे, तबेले, जेथे म्हणून अंग टाकता येईल तेथे माणसे झोपत. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे या गावात आणली गेली. त्यांपैकी सुमारे ३३,००० तेथेच भुकेने व रोगाने मेली, आणि सुमारे ८८,००० आगगाडीत भरून पूर्वेकडील मृत्युछावण्यांत पाठविली गेली. या पाठवणीची यादी वरचेवर निघे. यादीत आपले नाव आहे की नाही, हेच तेथील माणसांचे रात्रंदिवसाचे भय.

२४ नोव्हेंबर १९४१ रोजी ३४२ तरुणांची पहिली तुकडी गाव तयार करण्याच्या कामासाठी तेथे आणली गेली. तीत श्वेंक होता. तो १९१७ साली प्रागमध्ये जन्मला. म्हणजे वय अवघे चोवीस. ज्यांनी त्याचा अभिनय पाहिला ते त्याची तुलना चार्ली चॅप्लिनशी करीत : चेहरा दुःखी, हालचाल अवघडलेली, आणि पाहणारा हसून बेजार. गीते तो स्वतः रची व चालीही स्वतः लावी.

विद्यार्थी विचारतील, बंदिस्थानात नाटक कसे? आरंभी ते चोरूनच होई. दिवसभर सक्तीचे काम झाल्यावर माणसे एखाद्या खोलीत जमत. कोणी गाई, कोणी पाठ केलेले म्हणून दाखवी. पुढे अधिकाऱ्यांनी या गोष्टींस परवानगी दिली. कैदी गाण्यात गुंतले की बंड करणार नाहीत, आणि बाहेरच्या जगास दाखविण्यासही ते सोयीचे, असा त्यांचा हिशेब. जुने कपडे, चादरी, फळकुटे यांतून देखावे उभे राहिले. प्रागच्या 'मुक्त रंगमंचा'साठी देखावे करणारा फ्रान्टिशेक झेलेन्का हा कलावंतही आता कैदी होता. तेथील अनेक खेळांचे देखावे व पोशाख त्याने सिद्ध केले.

परंतु या मंडळ्यांस एक अडचण अशी होती की तिच्यावर कोणाचाच इलाज नव्हता. तालमी पुऱ्या होतात न होतात तोच पाठवणीची यादी निघे आणि पात्रे नाहीशी होत. हान्स क्रासा या संगीतकाराचे 'ब्रुन्डिबार' नावाचे मुलांचे संगीत नाटक तेरेझीनमध्ये ५५ वेळा झाले. तेवढ्या अवधीत त्यातील गाणारी मुले पुन्हा पुन्हा बदलावी लागली. आपल्या संमेलनात एखाद्या पात्रास ताप आला तर आपण किती घाबरतो! तेथे रिकामी झालेली जागा म्हणजे काय, हे उरलेल्या मुलांस ठाऊक होते, आणि तरी नवीन मुलगा ती जागा घेऊन गाऊ लागे.

हरवलेले जेवणाचे कार्ड

श्वेंकच्या मंडळीने १९४२ साली केलेल्या पहिल्या खेळाचे नाव 'हरवलेले जेवणाचे कार्ड' असे होते. तेरेझीनमध्ये प्रत्येक कैद्यास जेवणाचे कार्ड मिळे. ते हरविले तर जेवण बंद, आणि जेवण म्हणजे तरी पातळ सूप व पावाचा तुकडा. प्रेक्षागृहातील प्रत्येक मनुष्य आपले कार्ड छातीशी धरून झोपणारा. अशा माणसांपुढे श्वेंकने एका कार्ड हरविलेल्या मनुष्याची फजिती मांडली, आणि ते हसले.

का हसले? आमच्या मते येथेच या साऱ्या अभ्यासाचे मर्म आहे. भय एकट्याने भोगावयाचे असते तोवर ते मनुष्यास गिळून टाकते. तेच भय रंगभूमीवर कोट घालून, धडपडत, खिसे चाचपीत आले म्हणजे पाहणारा म्हणतो, "अरे, हा तर मीच!" शेजारचाही तेच म्हणतो. भूक कमी होत नाही, कार्डही सापडत नाही. परंतु घटकाभर मनुष्य भयाच्या आत नसतो, बाहेर उभा राहून त्याच्याकडे पाहत असतो. कैद्यास दुसरे कोणते स्वातंत्र्य उरले होते?

आणि हे कार्य जुन्या नाटकाने झाले नसते. जगात उत्तम प्रहसनांस तोटा नव्हता. परंतु जेवणाच्या कार्डाचे दुःख त्यांपैकी एकासही ठाऊक नव्हते. म्हणून या मंडळीस आपला खेळ आपणच रचावा लागला. त्या खेळाच्या अखेरीस म्हणावयाचे एक कूचगीत श्वेंकने रचले होते. ते सर्व कैद्यांच्या तोंडी बसले व बंदिस्थानाचे जणू राष्ट्रगीतच झाले.

सायकलस्वारांचा देश

१९४४ साली श्वेंकने तो जुना चुटका घेतला व त्याचे नाटक केले : 'शेवटचा सायकलस्वार'. कथानक असे. एका वेड्यांच्या इस्पितळातील वेडे बंड करून बाहेर पडतात व साऱ्या देशाची सत्ता बळकावतात. त्यांच्या नायकाचे नाव 'उंदीर'. देशातील सर्व संकटांचे मूळ सायकलस्वार होत, असा ते शोध लावतात. सायकलवर बसणारे तर अपराधी ठरतातच. शिवाय आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या पायीच चालत होते असे ज्यास सिद्ध करता येणार नाही तोही अपराधी! सर्वांची रवानगी एका भयाण बेटावर होऊ लागते.

नायक आबेलेस हा एक साधाभोळा दुकानदार. आपल्या प्रेयसीवर छाप पडावी एवढ्यासाठी बिचाऱ्याने नुकतीच सायकल विकत घेतलेली. तो पकडला जातो, योगायोगाने वाचतो, पुन्हा पकडला जातो. आणि तोवर देशात दुसरा सायकलस्वार उरलेला नसल्यामुळे त्यास प्राणिसंग्रहालयात ठेवून लोकांस दाखविले जाते. अखेर त्यास अग्निबाणात घालून चंद्रावर धाडण्याचे ठरते. मरणापूर्वी त्यास एक सिगारेट ओढण्याची मुभा मिळते. तो काडी ओढतो, ठिणगी बाणाच्या वातीस लागते, आणि अग्निबाण पाहावयास आत शिरलेले सत्ताधीशच आकाशात उडून जातात.

येथे हसे कोणाचे होते, ते पाहा. आबेलेस भित्रा व धांदरट आहे, पण त्याच्यावर आपण हसतो ते स्वतःवर हसावे तसे. खरी थट्टा उंदराची आहे. ज्याच्या हाती तुरुंग, आगगाड्या व बंदुका आहेत त्याची. आमच्या त्या जुन्या प्रहसनात सारे सभागृह एका अडखळणाऱ्या जिभेवर तुटून पडले होते. तेरेझीनच्या पोटमाळ्यावर अर्धपोटी माणसे आपल्या मारेकऱ्यांस हसत होती. दोन्ही ठिकाणी आवाज हशाचाच. अंतर मात्र जमीन-अस्मानाचे.

खेळ झाला नाही

नाटकाची रंगीत तालीम झाली. परंतु प्रयोग झाला नाही. तो जर्मन अधिकाऱ्यांनी बंद पाडला असे कोणास वाटेल. तसे घडले नाही. बंदिस्थानाचा अंतर्गत कारभार नाझींच्या हुकमाखाली पाहणारे यहुदी लोकांचेच एक ज्येष्ठ मंडळ होते. त्या मंडळाने प्रयोगास मनाई केली. उंदीर म्हणजे कोण, हे लपण्याजोगे नव्हते. अधिकाऱ्यांस कळले तर साऱ्या गावावर सूड उगविला जाईल, ही त्यांस धास्ती.

हा प्रसंग आम्ही वर्गात सांगितला तेव्हा मुलांत तत्काळ दोन पक्ष पडले. एक मुलगा म्हणाला, "ते भित्रे होते." एक मुलगी उठून म्हणाली, "सर, नाटक करणारे स्वतःचा जीव धोक्यात घालीत होते. मंडळास हजारोंचा विचार करावयाचा होता." दोघांचेही बोलणे आम्हांस खरे वाटले, आणि आम्ही निकाल दिला नाही. तटाबाहेर सुखरूप बसून असा निकाल देण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटत नाही. मात्र पुढे काय झाले ते मुलांस सांगितले, कारण ते ठाऊक असणे अवश्य आहे.

२३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे पाहुणे तेरेझीन पाहण्यास आले. त्यापूर्वी घरांस रंग दिला गेला, खोटी दुकाने मांडली गेली, आणि गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यात ७,५०३ माणसे ऑश्विट्झच्या मृत्युछावणीकडे धाडली गेली. पाहुण्यांस 'ब्रुन्डिबार' दाखविण्यात आले. मुलांचे निर्मळ गाणे अशा रीतीने असत्याच्या सेवेस जुंपले गेले. सप्टेंबरात ज्येष्ठ मंडळाच्या प्रमुखासच गोळी घालण्यात आली. २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर या एका महिन्यात अकरा गाड्यांतून १८,००० हून अधिक माणसे ऑश्विट्झला गेली. श्वेंक १ ऑक्टोबरच्या गाडीत होता. झेलेन्का व क्रासाही त्याच महिन्यात गेले. ते परत आले नाहीत. श्वेंकला ऑश्विट्झहून जर्मनीतील एका कारखान्यात मजुरीस नेले, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपण्यास काही आठवडेच उरले असता, कैद्यांच्या सक्तीच्या पायपिटीत त्याचा अंत झाला. त्याचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते.

नाटकाची लिखित प्रत उरली नाही. परंतु त्यात नायिकेचे काम करणारी तरुणी वाचली. याना शेडोव्हा या नावाने ती पुढे नटी म्हणून ओळखली गेली. तिने आठवणीतून नाटक पुन्हा उभे केले, आणि १९६१ साली ते प्रागमध्ये रंगभूमीवर आले. पुढे त्याचे इंग्रजी रूपांतर होऊन अमेरिकेतही त्याचे प्रयोग झाले. ही मुळाबरहुकूम प्रत नव्हे; एका वाचलेल्या मनुष्याची स्मृती आहे. तथापि ज्या खेळावर दोनदा पडदा पडला, एकदा मनाईने व एकदा मरणाने, तो तिसऱ्यांदा उघडला, हे थोडे नव्हे.

उपसंहार

या हकीकतीवरून विनोद सर्व संकटांवर औषध आहे, असे कोणी समजू नये. श्वेंकचा अग्निबाण रंगभूमीवर उडाला. बाहेर आगगाड्या वेळेवर सुटतच राहिल्या. विनोदाने त्या माणसांचे प्राण वाचले नाहीत. मात्र आपण काय भोगीत आहो आणि ते भोगावयास लावणारा किती पोकळ आहे, हे त्यांस अखेरपर्यंत स्पष्ट दिसत राहिले. ज्यास हे दिसते त्याचे शरीर कैदेत असले तरी त्याची बुद्धी कैदेत नसते.

यंदाचे प्रहसन मुलांनी स्वतः लिहावे, असे आम्ही ठरविले. नियम एकच घातला : ज्याची थट्टा करावयाची तो आपणांपेक्षा बलवान असावा, नाही तर ती थट्टा आपली स्वतःची असावी. मुलांनी आठ दिवस डोकी खाजविली व अखेर एक मास्तर निर्माण केला. तो दर वाक्यास "उलट विचारतो, कोणास?" असे म्हणतो. तो कोण, हे सांगणे नको. पहिली तालीम आम्ही पाहिली आणि नियमाप्रमाणे हसलो. पालकांनी संमेलनास अवश्य यावे; पुढल्या रांगेतून कोणास उठून जावे लागू नये, एवढी काळजी यंदा आम्ही घेतली आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'यहुदी आणि सायकलस्वार' या चुटक्यात उत्तर देणारा मनुष्य वक्त्याचे म्हणणे खोडून न काढता ते खोटे कसे ठरवितो?
२. श्वेंकच्या मंडळीस जुनी प्रहसने का पुरली नाहीत?
३. ज्येष्ठ मंडळाच्या मनाईविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे मांडा व आपले मत सकारण लिहा.
४. आपल्या घरी, वर्गात किंवा गावात कोणावर 'सायकलस्वार' म्हणून ठपका ठेविला जातो काय? विचार करा. उत्तर वहीत लिहिलेच पाहिजे असे नाही.